चाकाला पकड हवी की मोकळीक?

पावसाने उघडीप दिली की यवतमाळहून दारव्ह्याकडे जाणाऱ्या रस्त्यालगतच्या वावरांत ट्रॅक्टर उतरतात आणि ओल्या काळ्या मातीत टायरची नक्षी उमटते. ही नक्षी एकदा वाकून बघावी. टायरवरची प्रत्येक तिरपी पट्टी कडेसकट मातीत उतरलेली असते. कुठे फरकाटा नाही, कुठे रेघ पुसटलेली नाही. ट्रॅक्टर तर चालता होता. मग चालत्या वस्तूचा ठसा इतका स्वच्छ कसा उमटला?

उत्तर ऐकून पहिल्यांदा कोणालाही ते खोटंच वाटतं. ठसा उमटला त्या क्षणी टायरचा तो भाग हलतच नव्हता. चाक न घसरता लोळत असतं, तेव्हा जमिनीला टेकलेला त्याचा बिंदू क्षणभर पूर्ण स्थिर असतो. ट्रॅक्टर ताशी २० किलोमीटरने जात असेल, तर चाकाचा मधला आस २० ने जातो, चाकाचा माथा ४० ने जातो आणि तळ शून्याने. मग तळाचा बिंदू उचलला जातो, पुढचा येऊन टेकतो, तोही क्षणभर थांबतो. चालणं म्हणजे असं अखंड थांबत जाणं. चाक जागच्या जागी फिरू लागलं की नक्षी फरकटते, चिखल मागे उडतो आणि ट्रॅक्टर रुतायला लागतो.

या थांबण्यातच चाकाचं बळ आहे. एकमेकांवर स्थिर टेकलेल्या दोन पृष्ठभागांतलं घर्षण हे घसरणाऱ्या पृष्ठभागांतल्या घर्षणापेक्षा साधारणपणे जास्त असतं. मोटर किंवा इंजिन चाक फिरवतं, चाक जमिनीला मागे रेटतं आणि जमीन गाडीला पुढे ढकलते. गाडीला पुढे नेणारा धक्का शेवटी जमिनीकडूनच यायचा असतो.

रोबोंच्या स्पर्धेत उतरणारी पोरं चाकांचा गाडा बनवायला बसतात, तेव्हा पहिली चर्चा मोटरची होते. किती व्होल्टची, किती फेऱ्यांची, कितीला मिळते. खरं तर त्याआधी ठरवायला हवं ते असं: चाकाने कोणत्या दिशेला जमीन धरायची आणि कोणत्या दिशेला सोडून द्यायची. या एका प्रश्नाची दोन जुनी आणि एकमेकांच्या अगदी उलटी उत्तरं यवतमाळ जिल्ह्यातच बघायला मिळत आली आहेत. एक बैलबंडी आणि दुसरी शकुंतला नावाची आगगाडी.

आधी बंडी. लाकडी चाकाचे आरे, त्यांना धरणारा मधला तुंबा आणि भोवती लोखंडी धाव. लोहार ही धाव गोवऱ्यांच्या आगीत लाल होईतो तापवतो. तापून ती फुगते, मग लाकडी चाकावर चढवतात आणि वरून पाणी ओततात. गार होताना लोखंड आकसतं आणि सगळं चाक असं आवळून धरतं की खिळ्यांची फारशी गरज उरत नाही. रेल्वेच्या इंजिनाच्या चाकांवरही पोलादी कडं याच रीतीने, तापवून आणि आकसवून, बसवत आले आहेत. आपल्या विषयासाठी मात्र बंडीतली दुसरीच गोष्ट महत्त्वाची आहे. बंडीचा आस फिरत नाही. तो गाड्याला पक्का असतो आणि दोन्ही चाकं त्याच्यावर आपापली, मोकळी फिरतात. बाहेर निसटू नयेत म्हणून टोकाला खीळ, आत वंगण, एवढंच.

ही मोकळीक कशासाठी? वळण्यासाठी. बंडी वळते तेव्हा बाहेरच्या चाकाला लांबचा फेरा पडतो आणि आतल्याला जवळचा. दोन चाकांत दीड मीटर अंतर धरलं, तर एक पूर्ण गोल वळसा घेताना बाहेरचं चाक आतल्यापेक्षा सुमारे ९.४ मीटर जास्त चालतं. आता यातली गंमत बघा. हा वळसा विहिरीभोवतीचा असो, गावाभोवतीचा असो की अख्ख्या यवतमाळ जिल्ह्याभोवतीचा, फरक तेवढाच राहतो. ९.४ मीटर. वर्तुळाचा परीघ त्रिज्येच्या ठरलेल्या पटीत वाढतो, त्यामुळे दोन परिघांतला फरक फक्त दोन चाकांमधल्या अंतरावर ठरतो, वळशाच्या आकारावर नाही. लहान वळशात तो फरक काही पावलांत भरून काढावा लागतो, जिल्ह्याच्या वळशात शेकडो किलोमीटरांत. म्हणून अरुंद वळण चाकांना जड जातं. चाकं आसावर मोकळी असल्यामुळे बंडी हा हिशेब न करताच सोडवते.

शकुंतलेला ही सोय नाही. यवतमाळ ते मूर्तिजापूर ही साधारण ११३ किलोमीटरची नॅरो गेज लाईन विसाव्या शतकाच्या पहिल्या दोन दशकांत किलिक निक्सन या ब्रिटिश कंपनीने उभी केली, वऱ्हाडातला कापूस मुंबईच्या बंदराकडे पोचवण्यासाठी. दोन रुळांत अंतर फक्त ७६२ मिलिमीटर. मँचेस्टरला १९२१ साली बनलेलं झेडडी वर्गाचं वाफेचं इंजिन १९२३ पासून १९९४ पर्यंत या मार्गावर धावलं. देशातल्या रेल्वेचं राष्ट्रीयीकरण झाल्यावरही ही लाईन खासगी कंपनीच्याच नावावर राहिली, हे तिचं वेगळेपण. पण तिची चाकं बघा. आगगाडीची दोन चाकं आणि मधला आस म्हणजे एकच घट्ट तुकडा. एक चाक फिरलं की दुसरं तेवढंच फिरणार. वळणावर बाहेरच्या चाकाला जास्त अंतर कापायचं असतं, फेऱ्या मात्र दोघांच्या सारख्या. मग दोहोंतलं एक चाक रुळावर घासत जायला हवं.

ते घासत नाही, कारण ही चाकं गोल तबकड्या नसून किंचित निमुळती असतात. आतल्या, कडेजवळच्या बाजूला व्यास जास्त, बाहेरच्या बाजूला कमी. उतार साधारण २० ला १ एवढाच. गाडी वळणावर आली की चाकांची जोडी आपोआप काही मिलिमीटर बाहेर सरकते. बाहेरचं चाक आता आपल्या मोठ्या व्यासावर चालतं आणि आतलं लहान व्यासावर. फेऱ्या सारख्या, अंतर वेगळं. वळण संपलं की जोडी पुन्हा मध्ये येते. आतली उभी कड गाडीला रुळावर ठेवते असं आपण शाळेत धरून चालतो. प्रत्यक्षात ती कड शेवटचा पहारेकरी आहे. रोजचं काम तो जेमतेम डोळ्याला दिसणारा उतार करतो.

मोटारगाडीने तिसरा मार्ग काढला. फ्रान्सच्या ओनेसिफोर पेकर याने १८२७ च्या सुमारास वाफेच्या गाडीसाठी डिफरन्शियल बनवलं. इंजिन एकच, पण दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारी दातेरी चाकांची पेटी. आज प्रत्येक जीपच्या पोटात ती असते.

स्पर्धेतला रोबो या तिन्ही वाटा सोडून देतो. विजेच्या मोटरी लहान आणि स्वस्त आहेत, मग प्रत्येक चाकाला आपापली मोटर का देऊ नये? शंकरपटात धावणाऱ्या छकड्याची चाकं नुसतं ओझं वाहतात, जमीन रेटायचं काम बैलांच्या खुरांचं. रोबोत बैल चाकाच्या आतच बसवला आहे, आणि तो प्रत्येक चाकात वेगळा आहे. डावी मोटर जोरात, उजवी हळू, की रोबो उजवीकडे वळतो. एक पुढे, एक मागे, की जागच्या जागी गर्रकन फिरतो. ना स्टिअरिंग, ना पेटी.

महाराष्ट्रातल्या अभियांत्रिकीच्या पोरांना हे सगळं शिकवलं ते मुख्यतः रोबोकॉनने. आशिया-पॅसिफिक ब्रॉडकास्टिंग युनियनची ही आंतरराष्ट्रीय स्पर्धा २००२ साली टोकियोत सुरू झाली. भारतातली फेरी दूरदर्शन घेत आलं आणि बरीच वर्षं ती पुण्यात, बालेवाडीच्या क्रीडासंकुलात रंगली. आंतरराष्ट्रीय अंतिम सामनेही पुण्याने दोनदा भरवले. २००८ चा विषय थेट गोकुळाष्टमीचा होता, उंचावर टांगलेल्या हंड्यांतलं लोणी रोबोंनी काढायचं. २०१४ ला आई-बाप रोबोने बाळ रोबोला बागेतल्या झोक्यावर, सी-सॉवर खेळवायचं होतं. २०२२ ला यजमानपद दिल्लीकडे आलं आणि खेळ होता लगोरी. दरवर्षी खेळ नवा, म्हणून दरवर्षी चाकांचा विचारही नवा. २०१६ ला तर बँकॉकच्या स्पर्धेत दोनपैकी एका रोबोला स्वतःला पुढे नेणारी मोटर लावायचीच मनाई होती. त्याने फक्त दिशा वळवायची. पुढे जाण्याचं बळ दुसऱ्या रोबोने हात न लावता, वाऱ्याने किंवा चुंबकाने द्यायचं. २०१९ ला उलानबातरमध्ये एका रोबोची चाकंच काढून घेतली आणि त्याला चार पायांवर चालायला लावलं. असे नियम वाचले की चाक आपल्यासाठी रोज किती काम उपसतं ते कळतं.

खेळ ठरला की मग चाकांची संख्या. सगळ्यात सोपा गाडा म्हणजे दोन मोटरींची दोन चाकं आणि टेकू म्हणून एक भिरभिरं चाक, खुर्च्यांना असतं तसं. पहिल्या वर्षाची पोरं याच्यावर शिकतात. पण खेळ रेटारेटीचा असेल, रोबोवर उंच हात चढवायचा असेल, तर चार चाकं हवीशी वाटतात. चार चाकं, चार मोटरी, पकडही जास्त. इथे पहिला सापळा आहे.

कागदावर एक लांबट आयत काढा, रोबोची लांबी रुंदीपेक्षा जास्त. चार कोपऱ्यांत चार चाकं, सगळ्यांची तोंडं पुढे. आता रोबो जागच्या जागी फिरवायचा. प्रत्येक कोपरा मध्यबिंदूभोवती वर्तुळात जायला हवा, म्हणजे मध्यापासून कोपऱ्याकडे काढलेल्या रेषेला काटकोनात. चाक मात्र फक्त पुढे-मागे लोळू शकतं. बाकीची हालचाल त्याला आडवं घासतच करावी लागते. आयत जितका लांब, तितकं घासणं जास्त आणि लोळणं कमी. अशा रोबोला फिरवलं की तो थरथरतो, उड्या मारतो, मोटरी तापतात. वर आपण चाकांना उत्तम पकडीचं रबर लावलेलं असतं, म्हणजे घासणं आणखी कठीण. पकड वाढवली म्हणूनच रोबो वळेनासा झाला, असा उलटा न्याय.

यावर एक तोडगा अमेरिकेतल्या फर्स्ट नावाच्या शालेय रोबो स्पर्धेत रूढ आहे. ही स्पर्धा १९९२ पासून चालते. चाराऐवजी सहा चाकं लावायची, तीन डावीकडे, तीन उजवीकडे, आणि मधली जोडी बाकीच्यांपेक्षा २ ते ३ मिलिमीटर खाली बसवायची. एवढंच. आता रोबो एकतर पुढच्या आणि मधल्या चाकांवर टेकतो, नाहीतर मधल्या आणि मागच्या. एका वेळी सहापैकी चारच जमिनीवर. लांबलचक रोबो वळताना आखूड होतो. मधली चाकं तर मध्यबिंदूच्या अगदी बाजूला असल्यामुळे त्यांची वाट आणि लोळण्याची दिशा एकच, त्यांना घासावंच लागत नाही. नखाएवढ्या उंचीच्या फरकाने गाड्याचा स्वभाव बदलतो, आणि त्यासाठी जास्तीचा एक पैसाही लागत नाही. मला विचाराल तर सगळ्या चाकविद्येतली ही सगळ्यात देखणी युक्ती आहे, पुढे येणाऱ्या रोलरवाल्या चाकांपेक्षाही.

पण रोलरवाल्या चाकांचं गारूड काही औरच, हे मान्य करायला हवं. २०१५ साली इंडोनेशियात योग्यकर्त्याला रोबोंचं बॅडमिंटन झालं. बॅडमिंटन खेळणारा माणूस फुलाकडे तोंड ठेवूनच डावी-उजवीकडे सरकतो. आधी वळा, मग पळा, मग पुन्हा वळा, एवढा वेळ फूल थांबत नाही. रोबोलाही आडवं सरकता यायला हवं. चाक तर आडवं सरकत नाही. म्हणजे आडव्या दिशेची पकड मुद्दाम सोडून द्यायला हवी.

ओम्नी चाक हे नेमकं करतं. चाकाच्या परिघावर छोटे छोटे रोलर बसवलेले असतात, प्रत्येकाचा आस परिघाच्या दिशेने. मोटरीने चाक फिरवलं की ते साध्या चाकासारखं जमीन धरून पुढे ढकलतं. बाजूने धक्का आला की खालचा रोलर लोळतो आणि चाक मजेत आडवं निघून जातं. पुढे पूर्ण पकड, आडवी पूर्ण मोकळीक. या कल्पनेचं अमेरिकी पेटंट जे. ग्राबोविएकी या संशोधकाच्या नावावर १९१९ सालचं आहे. कापसाच्या गाड्या ओढणारं शकुंतलेचं ते इंजिन त्यानंतर दोन वर्षांनी बनलं.

अशी तीन चाकं एका गोल गाड्यावर १२० अंशांच्या अंतराने बसवा, तोंडं परिघाच्या दिशेने. आता एकही चाक ‘पुढे’ बघत नाही, तरी रोबो हव्या त्या दिशेला जातो. समजा एक चाक नेमकं मागे आहे. सरळ पुढे जायचं तर मागच्याची मोटर थांबवायची, समोरची दोन चाकं एकमेकांच्या उलट फिरवायची. मागचं चाक न फिरता नुसतं रोलरांवरून ओढलं जातं. तिन्ही एकाच दिशेने फिरवली की रोबो जागेवर गिरकी घेतो. कोणत्याही हालचालीसाठी प्रत्येक चाकाचा वेग म्हणजे त्या हालचालीचा त्या चाकाच्या दिशेला पडणारा अंश, अकरावी-बारावीत शिकलेल्या साइन-कोसाइनचा हिशेब. शिवाय तीन बिंदूंतून एकच प्रतल जातं, म्हणून जमीन जराशी उंचसखल असली तरी तिन्ही चाकं टेकलेलीच राहतात. चार चाकांना हे भाग्य नाही.

याहून चमत्कारिक आहे मेकॅनम चाक. बेंग्ट इलॉन या स्वीडिश अभियंत्याने १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला ते शोधलं. तो ज्या कंपनीत काम करायचा तिचंच नाव चाकाला चिकटलं. यात रोलर असतात, पण ४५ अंशांत तिरपे. रोलर आपल्या आसाभोवती मोकळा फिरतो, म्हणून जमीन त्याला आडवं काही करू शकत नाही. जमिनीचा धक्का लागतो तो फक्त रोलरच्या आसाच्या दिशेने, म्हणजे कोनात. चाक पुढे फिरलं, तरी धक्का मिळतो तिरपा.

साध्या गाडीची चारही चाकं अशी असती तर ती तिरपीच गेली असती. इलॉनची हुशारी मांडणीत आहे. पुढचं डावं आणि मागचं उजवं चाक एका हाताचं, बाकीची दोन दुसऱ्या हाताची. रोबो उजवीकडे सरकवायचा असेल, तर पुढचं डावं आणि मागचं उजवं पुढे फिरवा, उरलेली दोन मागे. पहिल्या दोघांना धक्का मिळतो पुढे-उजवीकडे, दुसऱ्या दोघांना मागे-उजवीकडे. पुढचे आणि मागचे भाग एकमेकांना खाऊन टाकतात, उजवे भाग चारही मिळून साचतात. गाडी वळवू पाहणारे धक्केही जोडीजोडीने फिटतात. परिणाम काय, तर चार चाकं पुढे-मागे फिरताहेत आणि गाडी मात्र खेकड्यासारखी आडवी चालली आहे. हे पहिल्यांदा बघताना डोळ्यांवर विश्वास बसत नाही, आणि गणित सोडवल्यावरही तो पुरता बसत नाही.

एवढं देखणं असलं तरी मेकॅनम सगळीकडे लावू नये. जमिनीचा धक्का ४५ अंशांत येत असल्याने पुढे रेटायला त्यातला सुमारे ७० टक्केच उपयोगी पडतो. म्हणजे रेटारेटीत साधं रबरी चाक याला हरवतं. चारही चाकांवर वजन सारखं नसेल, तर आडवं जाताना रोबो नाक वळवतो. रोलर म्हणजे बारीक बारीक आस आणि फटी. गुळगुळीत, रंगवलेल्या प्लायवूडच्या मैदानावर ते उत्तम चालतात. पांढरकवड्याच्या ओल्या वावरात पाच पावलांत मातीचं लिंपण बसून चाकाचा नुसता गोळा होईल. काही संघ दिसायला भारी म्हणून मेकॅनम लावतात आणि मग खेळात आडवं जायची वेळच येत नाही. अशा वेळी साधी चार चाकं निम्म्या किमतीत जास्त काम करून गेली असती.

पकडही हवी आणि आडवं जाणंही, असा हट्ट असेल तर स्वर्व्ह ड्राइव्ह आहे. प्रत्येक चाक साधं रबरीच, पण एक मोटर ते फिरवते आणि दुसरी त्याचं तोंड वळवते. चार चाकांना आठ मोटरी. रोलर नाहीत, म्हणून पकड गमावली जात नाही. किंमत, वजन आणि प्रोग्रामिंगची डोकेदुखी मात्र दुप्पट.

आता गिअर. इथे हिशेब सोपा आहे, पण पुष्कळ रोबो इथेच मार खातात. समजा चाकाचा व्यास १०० मिलिमीटर, म्हणजे एका फेरीत ते ३१.४ सेंटिमीटर चालतं. मोटर मिनिटाला ६००० फेऱ्यांची, म्हणजे सेकंदाला १००. मोटर थेट चाकाला जोडली तर रोबोचा वेग सेकंदाला ३१ मीटर, ताशी ११३ किलोमीटर. अर्थात तो तेवढा कधीच जाणार नाही, कारण मोटरीच्या पिळात, म्हणजे टॉर्कमध्ये, रोबो जागेवरून हलवण्याइतकाही दम नसेल. मध्ये १० ला १ गिअर घातला की वेग सेकंदाला ३ मीटरवर येतो आणि पीळ दहापट होतो. छोट्या मैदानाला तीन मीटर पुष्कळ झाले.

पीळ किती लागेल हेही जमीनच सांगते. ३० किलोचा रोबो, रबर आणि प्लायवूड यांचा घर्षणांक ०.७ धरू. तर चाकं जमिनीला जास्तीत जास्त सुमारे २०६ न्यूटनने रेटू शकतात. त्यापुढे मोटर कितीही दांडगी असली तरी चाक फक्त जागेवर फिरेल. चार चाकांत वाटून, पाच सेंटिमीटरच्या त्रिज्येने गुणून प्रत्येक चाकाला साधारण २.६ न्यूटन-मीटर, आणि गिअरच्या अलीकडे, मोटरीवर, ०.२६. मोटर अडवून धरल्यावर तिचा जो पीळ असतो तो याच्या किमान दुप्पट असावा. मग भिंतीला किंवा समोरच्या रोबोला धडकल्यावर मोटर अडकून तापण्याआधी चाक घसरतं. मोटर जळण्यापेक्षा चाक घसरलेलं कधीही परवडतं.

याच आकडेमोडीतून आणखी एक गोष्ट निघते. वजन वाढलं की पकड वाढते, पण हलवायचं ओझंही तेवढंच वाढतं. दोन्ही एकमेकांना कापतात आणि उरतो फक्त घर्षणांक आणि गुरुत्व. म्हणून १० किलोचा रोबो असो की ५० किलोचा, ०.७ च्या पकडीवर दोघांचंही कमाल त्वरण तेच, म्हणजे दर सेकंदाला वेगात सेकंदाला ७ मीटरच्या आसपास वाढ. शून्यापासून तीन मीटरचा वेग घ्यायला अर्ध्या सेकंदाहून कमी वेळ आणि अंतर दोन हातसुद्धा नाही. चांगल्या चाकांवरचा रोबो मैदानात नजरेला सापडत नाही तो यामुळे.

फक्त तो उलार व्हायला नको. बंडीत कापसाचे बोरे भरणाऱ्याला हे सांगावं लागत नाही. ओझं मागे जास्त झालं की जू वर उचललं जातं, म्हणून थोडा भार बैलांच्या मानेवर राहील असं तो भरतो. रोबोत बॅटरी ही सगळ्यात जड वस्तू, ती जितकी खाली आणि चाकांच्या मध्ये, तितकं बरं. उंच हात लावलेला रोबो झटकन निघाला की वजन मागच्या चाकांवर जातं, पुढची हलकी होतात, आणि ओम्नी किंवा मेकॅनम असतील तर दिशाच बिघडते. फेकायचं यंत्र उंचावर बसवलं, तर हा हिशेब चांगलाच नडतो.

आणि मग तो क्षुल्लक दिसणारा जोड, चाक आणि शाफ्ट यांचा. लोहाराची आकसलेली धाव इथे नाही. एका इवल्या ग्रब स्क्रूच्या भरवशावर चाक बसवलं, की धडकाधडकीत तो सैल होतो, शाफ्ट आत फिरतो आणि चाक बाहेर गप्प उभं. षटकोनी शाफ्ट आणि तशाच भोकाचा तुंबा घेतला की हा प्रश्न मिटतो. मोटर, गिअर, गणित सगळं बरोबर असूनही रोबो मैदानात आंधळ्यासारखा एका बाजूला ओढत जाताना दिसला, तर आधी हा स्क्रू बघावा.

शेवटी उरतो प्रश्न रोबोला स्वतःची जागा कळण्याचा. माणूस चालवत नसलेला रोबो आपण कुठे आहोत हे चाकांच्या फेऱ्या मोजून ठरवतो. फेऱ्या गुणिले परीघ म्हणजे अंतर. मोजणारं यंत्र म्हणजे एन्कोडर. पण सुरू होताना, थांबताना, धडकताना ढकलणारं चाक थोडं घसरतंच, आणि घसरलेली फेरी एन्कोडर अंतर म्हणून लिहून घेतो. तीन मिनिटांच्या खेळात अशा चुका साठून रोबो वीतभर चुकीच्या जागी उभा राहतो.

म्हणून अनुभवी संघ पोटाखाली आणखी दोन-तीन लहान ओम्नी चाकं लावतात, ज्यांना मोटरच नसते. स्प्रिंगने ती हलकेच जमिनीवर दाबलेली असतात, एक पुढे-मागेची हालचाल मोजायला, एक आडवी, आणि तिसरं असेल तर गिरकी. ही चाकं काही ढकलत नाहीत, काही थांबवत नाहीत. म्हणून ती जवळजवळ घसरतच नाहीत. त्यांनी सांगितलेलं अंतर आणि मोटरीच्या चाकांनी सांगितलेलं अंतर शेजारी शेजारी ठेवलं, की दोहोंतला फरक म्हणजे मोटरीची चाकं त्या क्षणी किती घसरत आहेत त्याचं माप. प्रोग्राम ते माप दर काही मिलिसेकंदांनी वाचतो, आणि फरक वाढायला लागला की मोटरीची वीज कमी करतो, चाक पुन्हा जमीन धरेपर्यंत.